एक पायरी खाली

"डस्ट इज व्हेरी टू मच, सर," मी म्हणाले.

काचेच्या त्या खोलीत टेबलाच्या त्या टोकाला बसलेले प्लांटचे साहेब हसले. मोठ्याने नाही. नाकातून.

"व्हेरी, टू आणि मच," ते म्हणाले. "तिन्ही एकदम?"

मग सगळेच हसले. लॅपटॉप चालवणारा हसला, त्याच्या शेजारची हसली. आमच्या मीरा मॅडमही हसल्या, पण हात जरा वर करून, जाऊ द्या म्हटल्यासारखं. "शी मीन्स मॉडरेट," त्या म्हणाल्या. आणि समोरच्या पडद्यावर माझ्या वस्तीच्या नावापुढे मॉडरेट हा शब्द उमटला.

मी उभीच होते. मीही हसले. माझ्या गल्लीतल्या धुळीबद्दल मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं सांगणं पुसून त्या जागी दुसरं काहीतरी लिहिलं होतं. आणि मी हसले. दात दाखवून.

मी गोवंडीची. आमच्या वस्तीच्या मागे सिमेंट, खडी, रेती कालवून काँक्रीट बनवायचा एक प्लांट आहे. मोठमोठे गोल फिरणारे ट्रक तिथून भरून निघतात आणि मुंबईभर टॉवर उभे करायला जातात. आमच्याकडे राहते ती पावडर. भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, ताटातल्या भातावर. सकाळी पुसलेला ओटा दुपारी बोटाने रेघ ओढता येईल असा होतो. मालकाला तो प्लांट मोठा करायचा होता. मोठा करायचा तर आसपासच्या लोकांना काय त्रास आहे, किती त्रास आहे, याचा अहवाल लागतो. तो अहवाल बनवून देणारी कंपनी अंधेरीत, एमआयडीसीत. तिथे मी नोकरीला.

मला घेतलं कारण त्यांच्या लोकांना आमच्या गल्लीत कुणी दार उघडत नव्हतं. मला सगळे उघडत. ते माझ्यामुळे नाही, आईमुळे. आई अंगणवाडीत मदतनीस. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. बाप मी शाळेत असतानाच गेला. जालन्याकडून आलेली ही बाई, एकटीने मला कॉलेजपर्यंत नेलं. मराठी शाळेतून आलेली मी, कॉलेजात इंग्रजीला काठावर पास.

मुलाखतीत मीरा मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. त्या अच्छा आणि पुढच्या प्रश्नाच्या मध्ये जी जागा असते, ती मला लहानपणापासून ओळखता येते. पण नोकरी मिळाली. आईने गल्लीत पेढे वाटले. "लई मोठ्या हापिसात लागली माझी पोर," दारोदारी सांगत फिरली.

त्या मीटिंगनंतर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तू हुशार आहेस. फक्त तुझ्या इंग्रजीला व्हॉल्यूम कंट्रोल नाहीये."

मग त्यांनी पांढऱ्या फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. डावीकडून उजवीकडे शब्द लिहीत गेल्या. स्लाइटली. समव्हॉट. फेअरली. क्वाइट. कन्सिडरेबली. एक्स्ट्रीमली. "टू म्हणजे खूप नाही," त्या म्हणाल्या. "टू म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. टू म्हटलंस की ती तक्रार होते. आपण तक्रार करत नाही, आपण मोजतो. आणि शिकलेला माणूस शेवटचा शब्द वापरतच नाही. तो नेहमी जरा अलीकडे थांबतो."

मग त्या खुर्चीत रेलल्या आणि हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळंच लई असतं ना."

लई. तो शब्द त्यांनी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गावंढळ नोकराचं काम करणारे म्हणतात तसा म्हटला. तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे मी विचारलं नाही. गोवंडीत? जालन्याकडे? की त्या अच्छाच्या पुढे जी जागा होती तिकडे? विचारलं नाही. दुसऱ्यांदा हसले.

आणि शिकले. मन लावून शिकले. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत मेट्रोत उभी राहून ओठातल्या ओठात म्हणायची. फेअरली हॉट. समव्हॉट लेट. कन्सिडरेबली बेटर. खोटं कशाला सांगू, मजा यायची. अंगावर शिवून घेतल्यासारखे ते शब्द बसायला लागले. एकदा एका मेलमध्ये मी 'रादर इनकन्व्हिनियंट' असं लिहिलं, तर मॅडमनी सगळ्यांसमोर "नाइसली पुट" म्हटलं. तो आठवडा मी हवेत होते.

घरी आले की आईचं बोलणं कानाला टोचायला लागलं. आई आंबा खाऊन म्हणाली, "लई ग्वाड हाय गं."

"आई, प्रत्येक गोष्टीला लई काय? लोक हसतात."

ती कोय चोखायची थांबली. मग थोड्या वेळाने ताट उचलता उचलता म्हणाली, "बरा व्हता आंबा."

बरा. माझ्या आईच्या तोंडातली गोडी मी एका वाक्यात कमी केली. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. उलट, शिकतेय असं वाटलं होतं.

सर्व्हे सुरू झाला. हातात टॅब. प्रत्येक प्रश्नाखाली इंग्रजीत पाच शब्द. नन, स्लाइट, मॉडरेट, सिव्हिअर, एक्स्ट्रीम. मराठीत काहीच नाही. माणूस मराठीत बोलणार, मी इंग्रजी शब्दावर बोट ठेवणार. मधला पूल मी.

सुरुवातीला मॅडमनी आम्हाला समजावलं. अशा वस्त्यांमध्ये लोक वाढवून सांगतात. काहीतरी मिळेल अशी आशा असते. म्हणून कुणी अगदी टोकाचं सांगितलं तर एक पायरी खाली घ्यायचं. फार झालं तर दोन. याला त्या करेक्शन म्हणत.

मी विचारलं, "आणि कुणी कमी करून सांगितलं तर?"

त्यांनी माझ्याकडे खरंच न समजून पाहिलं. "कमी करून कोण कशाला सांगेल?"

मी मान हलवली. मला ते पटलं. मी त्या वस्तीत जन्मले, वाढले, आणि मला ते पटलं.

बेबीमावशी आमच्या समोरच्या दारात राहते. आईची गोवंडीतली पहिली मैत्रीण. तिचा नातू दम्याचा. पंप ओढल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. मावशीने मला पाट दिला, पंख्याचं तोंड माझ्याकडे केलं आणि माझ्याआधी तीच बोलायला लागली.

"लई तरास हाय बघ पोरी. लई म्हंजे लई. खिडकी उघडत नाय मी. उन्हाळ्यात बी नाय. पोरगं रात्रभर शिटी वाजवल्यागत श्वास घेतं. त्या प्लांटवाल्यांना सांग तू. तू सांगितलंस तर ऐकतील."

माझं बोट एक्स्ट्रीमवर होतं. मग मी ते खाली आणलं. सिव्हिअर. तिथेही थांबले नाही. मावशी जोरात बोलणारी बाई, हिचं दोन पायऱ्या खाली घ्यायला हवं, असा विचार मी केला. माझ्या डोक्याने केला, दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. मॉडरेटवर बोट ठेवलं. टुंग असा आवाज आला.

मावशीने विचारलं, "काय लिवलंस?"

"तू बोललीस तेच."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आपली पोर शिकली की असं असतंय," म्हणाली.

मी पुढच्या दाराला गेले. मग त्याच्या पुढच्या. वाईट वाटलं का? सांगते. वाटलं नाही. काम छान चाललंय असं वाटलं. माझा सगळा अपराध त्या न वाटण्याचा आहे.

आमचं घरही यादीत आलं. आईला म्हटलं, बस, तुझंही घेते. तिने हात धुतले, साडी बदलली, केस सारखे केले. फोटो काढायचा असल्यासारखी पलंगाच्या कडेला बसली. मला मायेने हसू आलं.

"धुळीचा त्रास किती होतो?"

"जरासा."

"खोकला?"

"हाय जरासा. सकाळचा."

"दम लागतो का?"

"जरासा. लाकडाची शिडी चढताना."

आमच्या घराला पोटमाळा आहे. आई तिथे झोपायची. दोन वर्षांपासून ती खाली झोपते, कारण शिडी तिला जमत नाही. खाली झोपते म्हणजे आडवी होत नाही. पाठीमागे गोधड्यांचा ढीग लावून बसल्या बसल्या डोळे मिटते. आडवं झालं की छाती भरते. हे मला माहीत होतं. रोज बघत होते. पण नियम सरळ होता. जास्त सांगितलं तर कमी करायचं, कमी सांगितलं तर तसंच घ्यायचं. मी तीनही ठिकाणी स्लाइटवर बोट ठेवलं. टुंग. टुंग. टुंग.

"झालं?" आई म्हणाली. "मी बराबर बोलले ना?"

"एकदम बरोबर."

अहवाल तयार झाला. मॅडमनी तो मला वाचायला दिला. माझं नाव आत छापलं होतं, बारीक अक्षरात, मदतनिसांमध्ये. त्यात लिहिलं होतं की रहिवाशांना जाणवणारा त्रास सौम्य ते मध्यम आहे. इंग्रजीत होतं, पर्सीव्ड. म्हणजे त्यांना वाटणारा. म्हणजे असेलच असं नाही. बेबीमावशीच्या नातवाची शिटी त्या एका शब्दात जिरली होती. मी पान उलटलं. पुन्हा मागे आले. पुन्हा उलटलं. तरी मी मॅडमना मेल केला. 'क्वाइट कॉम्प्रिहेन्सिव्ह' असं लिहिलं.

मग वस्तीत बैठक ठरली. अहवाल लोकांना मराठीत समजावून सांगायचा. विहाराच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. सांगणार मी. लहानपणी त्याच हॉलमध्ये मांडी घालून मी पंचशील म्हणायला शिकले. त्यातलं एक खोटं न बोलण्याचं.

प्लांटचे साहेब आले होते. मीरा मॅडम कॉटनची सुंदर साडी नेसून आल्या होत्या आणि दारातच चपला काढून सगळ्यांना वाकून जयभीम म्हणाल्या होत्या. हॉल भरला होता. बायका पुढे, आई पहिल्या रांगेत, बेबीमावशी तिच्या शेजारी, नातू मावशीच्या मांडीवर.

साहेबांनी माईक घेतला. "आम्ही बाहेरचं कुणी आणलं नाही," ते म्हणाले. "तुमच्याच मुलीने तुमच्याशी बोलून हे केलेलं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

मी माईक घेतला. मॅडमनी मराठी लिहून दिलं होतं. चांगलं शुद्ध मराठी. मी वाचलं. "परिसरातील रहिवाशांना जाणवणारा धुळीचा त्रास सौम्य ते मध्यम स्वरूपाचा आहे."

लोक पुढचं ऐकायला थांबले होते. त्यांना कळलंच नव्हतं की सांगून झालं.

बेबीमावशीने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "सौम्य म्हंजे काय गं?"

"म्हणजे..." मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, सांग म्हणून. "म्हणजे थोडा, मावशी."

"थोडा?" मावशीने आजूबाजूला पाहिलं. "कोण बोललं थोडा? मी तर लई बोलले व्हते. तुझ्या तोंडावर बोलले व्हते."

मागून कुणीतरी म्हणालं, आम्ही पण. आणखी कुणी म्हणालं. आवाज चढायला लागला. साहेब घड्याळ बघायला लागले. मग आई उठली. उठताना तिला शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. उभी राहून तिने आधी श्वास गोळा केला. मग हॉलकडे तोंड करून म्हणाली, "माझी पोर खोटं लिवायची नाय. काय लिवलं आसंल ते बराबर आसंल. तिला इंग्लिश येतं."

आणि हॉल गप्प झाला. आईचा शब्द त्या गल्लीत खाली पडत नाही. बायका खाली बसल्या. बेबीमावशीसुद्धा बसली. माझ्यावर नाही, आईवर विश्वास ठेवून बसली. प्लांटचे साहेब आईकडे बघून हसले आणि त्यांनी हात जोडले. चांगली बाई, असं त्यांच्या तोंडावर होतं. कामाची बाई.

ते जोडलेले हात बघून माझ्यात काहीतरी फाटलं.

"आई, बस," मी माईकमध्येच म्हणाले. "मी खोटं लिहिलंय."

ती उभीच राहिली.

"बेबीमावशी लई म्हणाली. मी मध्यम लिहिलं. तिने मला विचारलं काय लिहिलंस, तर म्हटलं तू बोललीस तेच. ते खोटं होतं. ज्याने ज्याने लई म्हटलं त्याचं मी कमी केलं. तसं करायला सांगितलं होतं आणि मी केलं. माझ्या हाताने केलं. आणि आई, तू जरासं म्हणालीस, ते मी तसंच ठेवलं. तू झोपत नाहीस हे मला माहीत असून ठेवलं. तुमचं मोठं दुखणं लहान करायला यांच्याकडे नियम आहे. लहान करून सांगितलेलं मोठं करायला नाही."

मीरा मॅडम जवळ आल्या. माझ्या कोपराला धरलं, अगदी हलकं. इंग्रजीत, दबक्या आवाजात म्हणाल्या, "डोंट बी सो एक्स्ट्रीम."

मी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं. माईक तोंडापाशीच होता. "इट इज एक्स्ट्रीम, मॅडम. द वर्ड इज करेक्ट."

त्यांनी कोपर सोडलं. मी हातातला कागद टेबलावर ठेवला, टॅब त्याच्यावर ठेवला. म्हटलं, "हे माझं काम नाही आता." मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही.

यानंतर टाळ्या झाल्या असतील असं तुम्हाला वाटेल. झाल्या नाहीत. लोक माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेत काही चांगलं नव्हतं. बेबीमावशीने नातवाला उचललं, कडेवर घेतलं आणि माझ्यासमोरून निघून गेली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "डोक्यावरनं हात फिरवला व्हता मी तुझ्या."

त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवून बसली.

"माझं काय लिवलं व्हतंस?"

"स्लाइट. म्हणजे जरासं."

"मग ते खोटं कसं? मी तेच बोलले."

"तू खोटं बोललीस आई. का बोललीस? मला तरी खरं सांगायचंस."

ती कपाकडे बघत बोलली. एका दमात नाही, मध्ये मध्ये थांबत.

"तुझ्या येळेला कळा लागल्या तवा मी वरडले. लई दुखतंय, लई दुखतंय म्हणून. पहिलीच खेप माझी. दवाखान्यातली बाई आली आन् मांडीवर फाडकन चापट मारली. म्हणली, तुमच्या बायकांची नाटकं लई. गप पड. बाकीच्या खाटंवरल्या हसल्या. मग मी तोंडात पदर कोंबला. तवापासनं मी लई म्हणत नाय. दुखण्याला नाय म्हणत. ग्वाड लागलं, चांगलं झालं, तर म्हणते. दुखण्याला म्हणलं की मानसं हसत्यात. खरं वाटत नाय त्यांना. जरासं म्हणलं की निदान ऐकून तरी घेत्यात."

मी चहा तसाच ठेवला.

माझ्या जन्माच्या वेळी माझ्या आईच्या मांडीवर एक चापट बसली, आणि त्या चापटीतून तिचं जरासं आलं. काचेच्या खोलीत मला हसले आणि त्या हसण्यातून माझं मॉडरेट आलं. आईने तिचा शब्द फक्त स्वतःच्या दुखण्याला लावला. मी माझा दुसऱ्यांच्या दुखण्याला लावला. पगार घेऊन लावला. आमच्यात फरक हाच. ती दबली. मी दाबलं.

हे मला कुणी पुसून देऊ शकत नाही. मीरा मॅडमचा नंतर मेल आला. तुझी भावना समजते, राजीनाम्याची प्रक्रिया पूर्ण कर, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. शब्द सगळे मऊ. अहवाल त्यांनी मागे घेतला नाही. माझं नाव काढलं, बाकी तसाच पुढे पाठवला. प्लांट चालू आहे. ट्रक फिरतात. ओट्यावर बोटाने रेघ ओढता येते.

मी आता मुलुंडला एका दुकानात बिलं करते. सुट्टीच्या दिवशी गल्लीत दारोदार फिरते. टॅब नाही. आणि किती त्रास होतो असं विचारत नाही. कारण किती म्हटलं की आपली माणसं आधी समोरच्याचं तोंड बघतात, मग शब्द निवडतात. मी विचारते, तुम्ही काय करायचं सोडलं. कुणी खिडकी उघडायचं सोडलं. कुणी गायचं सोडलं. एक म्हातारा शेवटी म्हणाला, मी नातवाला उचलून घ्यायचं सोडलं. हे इंग्रजीत नेलं तरी लहान होत नाही. मी नेऊन पाहिलं.

आईला आडवं होऊन झोपता येत नाही. तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, त्रास किती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, तू सांग. तिने खाली बघितलं. मग म्हणाली, "लई." तिचा आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा सांगताना तिने पदर तोंडाशी नेला होता. मी तो हाताने खाली केला.

बेबीमावशी अजून बोलत नाही. तिच्या दारात मी दोनदा उभी राहिले. दोन्ही वेळा ती आत गेली. तिने माफ करावं असं मी म्हणणार नाही. तिचा नातू श्वास घेताना आवाज येतो तो मला आमच्या घरात ऐकू येतो. तो ऐकत राहणं ही माझी शिक्षा आहे, आणि ती कमी करा असं मी कुणाला सांगणार नाही.

आता प्लांटची जाहीर सुनावणी लागेल. मोठे अधिकारी येतील, तो अहवाल समोर ठेवतील, सौम्य ते मध्यम असं वाचून दाखवतील. त्या दिवशी मी उठणार. आधी पूर्ण नाव सांगणार, आडनावासकट. मग सांगणार की या अहवालातले शब्द मी भरले आहेत आणि ते खोटे आहेत, आणि खरे शब्द कोणाकोणाचे काय होते. मराठीत सांगणार. नाही कळलं म्हणाले तर इंग्रजीत सांगणार. ते हसतील, मला माहीत आहे. मी हसणार नाही. बसायला सांगतील. बसणार नाही. माईक काढून घेतला तर माईकशिवाय बोलेन, आणि माझा आवाज मी खाली आणणार नाही.